मंगळवारचा ठिपका

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५
ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर
(तुला जुनं नाव वाचायचं असेल तर जुनं वाच. पोस्टमनला दोन्ही कळतात.)

अजरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील, तर आधीच सांगते की मी माफी मागायला लिहीत नाहीये. मला कायद्याचा सल्ला हवा आहे. तू तीस वर्षं पुण्याच्या कोर्टात नवराबायकोंची भांडणं लढवलीस. इथल्या वकिलासमोर बसायची मला लाज वाटते. तुझ्यासमोरची लाज १९८१ साली संपली, त्यामुळे सोयीचं आहे.

फोन केला असता, पण शाळेच्या ग्रुपमध्ये मला मार्चमध्ये घेतलं आणि दहाव्या मिनिटाला तू बाहेर पडलीस. एकोणसत्तर वर्षांच्या बायका असं करतात का? मुबश्शिरानं ग्रुपवर सगळ्यांचे पत्ते टाकले होते, त्यातून तुझा उतरवून घेतला.

आता विषयाकडे येते. श्रीनिवास. (तोंडावर पंचेचाळीस वर्षं 'अहो' म्हणते आहे, निदान कागदावर तरी 'तो' म्हणू दे.) माझ्या लग्नात तू कानात म्हणाली होतीस, "मीनू, दुल्हे मियाँ बोलते नै क्या?" अजूनही बोलत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्याला चौदा वर्षं झाली. मला वाटलं होतं, घरी बसला की बोलेल. चौदा वर्षांत तो 'हं' वरून 'बरं' वर आला आहे.

तर हा मुका माणूस गेल्या हिवाळ्यापासून दर मंगळवारी चार वाजता स्कूटर काढतो. "वाचनालयात जातो," म्हणतो. साडेसहाला परततो, तो शीळ घालत. हातात पुस्तक नसतं. मी वाचनालयात जाऊन नोंदवही पाहिली. मे महिन्यात त्याची एकही सही नाही.

म्हणून जूनमध्ये मी एक डबी मागवली. काड्यापेटीएवढी, काळी, लोहचुंबकाची. ती स्कूटरच्या सीटखाली चिकटवली की गाडी कुठं आहे ते माझ्या फोनवर नकाशात दिसतं. निळा ठिपका. पहिल्याच मंगळवारी तो ठिपका वाचनालयाकडे, औरंगपुऱ्याला वळलाच नाही, सरळ हडको वसाहतीत गेला. एन-अकरामध्ये एका गल्लीच्या टोकाशी दोन तास हलला नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी ती गल्ली पाहून आले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं. घर लक्ष्मीबाईचं. ती श्रीनिवासच्या ऑफिसात ट्रेसर होती, कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून काढायची. विधवा. सहासष्ट वर्षांची. दारात दिसली मला: नायलॉनची साडी, जाड भिंगांचा चष्मा, भिंतीला धरून चालते. देखणी असती तर मला इतका राग आला नसता.

माझा प्रश्न असा: स्वतःच्या नवऱ्याच्या गाडीला मी डबी लावली, तर तो गुन्हा होतो का? गाडी माझ्या नावावर आहे. हे वाक्य दोनदा वाच. शिवाय गेल्या महिन्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नवराबायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल. कात्रण सोबत जोडलं आहे. मला या वयात वेगळं राहायचं असेल तर ते माझ्या अटींवर राहायचं आहे. त्याच्या शिळेवर नाही.

डबी लावली, एवढंच केलं आहे. बाकी काही नाही.

मीनाक्षी


गुरुवार, २१ ऑगस्ट

अजरा,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं. "श्रीमती मीनाक्षी यांस" आणि पुढं सगळं 'आपण, आपण'. आठवीत एका डब्यातून खिमा खाल्लाय आपण दोघींनी, माझ्या आईला न सांगता. पण ठीक आहे.

तुझी वाक्यं मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे मला नीट कळतील. "आपण जोडलेल्या निकालातील प्रकरणात नवऱ्याने स्वतःचे बायकोशी झालेले बोलणे रेकॉर्ड केले होते. ते कोर्टाने पुराव्यात घेता येईल असे म्हटले. पुरावा म्हणून चालणे वेगळे आणि तसे करण्याची मुभा असणे वेगळे. दुसऱ्याच्या फोनमध्ये वा खात्यात त्याच्या परवानगीवाचून शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येते. भरपाई द्यावी लागू शकते, हेतू अप्रामाणिक ठरला तर तुरुंगही. पाठलागाचे कलम पुरुष आरोपीपुरते आहे, त्यातून आपण वाचता." आणि शेवटी: "सदर बाईंचा आपल्याशी विवाह झालेला नाही, हे लक्षात असू द्यावे."

हे शेवटचं वाक्य तू कुठल्या अशिलाला लिहिलं असतंस? मला लिहिलंस. कळलं.

आणि मी फोनचं काही विचारलंच नव्हतं. मी डबीचं विचारलं होतं. तू फोनवर कशी गेलीस? इतक्या वर्षांनीही मला ओळखतेस याचा मला राग आला, आणि मग वाटलं, बरं झालं.

हो. मागच्या पत्रात "बाकी काही नाही" लिहिलं ते तितकंसं खरं नव्हतं. त्याचा फोन मीच लावून दिलेला आहे. त्याला पासवर्ड म्हणजे काय ते माहीत नाही. दोन मिनिटांचं काम होतं: त्याचं व्हॉट्सॲप माझ्या जुन्या टॅबवर जोडून ठेवलं. तो दुपारी झोपला की वाचते.

काय वाचते ते सांगू? ऐक. हे जानेवारीतलं.

"साहेब उद्या येताय का? कढी केली का पोटाला त्रास होतो तुम्हाला?"

"कढी चालेल! बोरं आणू का? गुलमंडीत चांगली आली आहेत!"

दोन उद्गारचिन्हं. मला तो 'ok' लिहितो, तेही इंग्रजीत, तेही लहान अक्षरांत. मी आयसीयूत असताना त्यानं आमच्या मुलाला, चिन्मयला कळवलं होतं, "आई बरी." पूर्णविराम. त्याच्या फोनमध्ये उद्गारचिन्ह आहे हे मला ठाऊक नव्हतं. आणि बोरं! माझ्या घरात बोरं येऊन किती वर्षं झाली?

तू मनात म्हणत असशील, ही सुधारली नाही. १९८१ चं बोलूया मग. तुला वाटत असेल मी ते विसरले.

ट्रंक एक्स्चेंजमध्ये आम्हा ऑपरेटर मुलींना गोपनीयतेची शपथ घ्यावी लागे. हैदराबादचा कॉल जोडला की खटका दाबून एक क्षण ऐकायचं, दोन्हीकडून 'हॅलो' आलं की खटका वर. एवढीच परवानगी. मी शेकडो कॉल असे जोडले आणि वर केले. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, गयासचा, त्याच्या भावाला लागलेला कॉल आला तेव्हा मी खटका वर केला नाही. त्याचं आधी एक लग्न होऊन मोडलं होतं, हे मी त्या तारेवर ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या अम्मीच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. तुझं ठरलेलं लग्न मोडलं. तू गल्लीत येऊन फक्त एवढं म्हणालीस, "मीनू, तू सुनी कायकू?"

तुला ते आधीपासून माहीत होतं. त्यानं स्वतः सांगितलं होतं तुला, आणि तू ठरवलं होतंस. मला हे सहा महिन्यांनी कळलं. मी मैत्रिणीला वाचवलं असं मी सगळ्यांना सांगत असे.

आता कामाचं. समजा, आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईनं नवऱ्याच्या पिशवीत रेकॉर्डर ठेवला. तर?

मी


बुधवार, १० सप्टेंबर

अजरा,

बिल्डिंगमधली बाई मीच. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पाहिली असती तर तू नको म्हणाली असतीस.

काल मंगळवार होता. त्याच्या कापडी पिशवीत आतल्या बाजूला एक कप्पा आहे, त्यात चष्म्याच्या घरात रेकॉर्डर ठेवला. आज तो आंघोळीला गेल्यावर काढून घेतला. एक तास बावन्न मिनिटं. कानात इअरफोनच्या बोंड्या घालून बाल्कनीत बसून ऐकलं.

पहिली दहा मिनिटं कपबशा. मग तो बोलायला लागला, आणि अजरा, तो थांबेचना. १९८६ मध्ये वैजापूरच्या कालव्याला भगदाड पडलं तेव्हा तो रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मला त्यानं सांगितलं होतं, "काम होतं." निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडला होता. मला माहीत नाही. मी त्या दिवशी श्रीखंड केलं होतं.

मग त्यानं माझी नक्कल केली.

"नंबर प्लीज? होल्ड द लाइन. तुमचा आवाज येत नाहीये, श्रीनिवास, तुमचा आवाज कधीच येत नाही." माझा आवाज, माझं इंग्रजी, सिस्टरांनी शिकवलेले माझे उच्चार. ती बाई हसली. खो खो हसली, ठसका लागेपर्यंत. तो म्हणाला, "पाणी पी, लक्ष्मी." लक्ष्मी. बाई नाही.

आणि नक्कल हुबेहूब होती.

यात मला काय सलतं ते नीट सांगते, कारण तुला लिहिताना खोटं सुचत नाही. तो तिथं जाऊन काही भलतं करतो असं मला वाटत नाही. तो तिथं मजेत असतो. पंचेचाळीस वर्षं मी एका गमतीदार माणसाबरोबर राहिले आणि मला तो भेटला नाही. तिला भेटला. कशाच्या जोरावर? कढी?

अजून पुढं ऐक. ती विचारते, "साहेब, म्याडमला कळलं तर वो?"

"कळलंय," तो म्हणतो. "जूनपासून. सीटखाली डबी लावलीय तिनं."

"आगं बाई! मग काढून फेका की."

"फेकू कशाला? मीच चार्ज करतो दर दुसऱ्या रविवारी. ती विसरते."

"आन् त्ये कशापायी?"

"बंद पडली तर तिला मला विचारावं लागेल, तुम्ही कुठं जाता म्हणून. ते तिला जमायचं नाही. आणि विचारलं तर मला सांगावं लागेल. ते मला जमायचं नाही. डबी आहे तोवर दोघांचं बरं चाललंय."

मी खरंच विसरले होते, अजरा. पंधरा दिवसांनी चार्ज करायची असं कागदावर लिहिलेलं होतं. तीन महिने झाले, ठिपका चालूच, आणि मी मनातल्या मनात चिनी लोकांचं कौतुक करत होते.

हसू नकोस. मी अपमानानं आतून बाहेरून पेटले आहे. मी लपून बघत होते, आणि तो मला बघू देत होता, दर दुसऱ्या रविवारी प्लगला लावून. माझी डबी त्यानं न बोलायला वापरली.

अदालत रोडवर शिवराज नावाचा एक तरुण वकील आहे. उद्या रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून त्याच्याकडे जाते. वेगळं राहण्याचा अर्ज टाकायचाच.

मीनू


शुक्रवार, २६ सप्टेंबर

अजरा,

तुझं पोस्टकार्ड आलं. "पेन ड्राइव्ह परत घे. आजच." टाइप केलेलं नाही, आणि 'घ्यावा' नाही, 'घे'. मी ते कपाटाला लावलं आहे.

पण ते येईपर्यंत दोन आठवडे गेले होते. शिवराजनं रेकॉर्डिंगमधली तीन मिनिटं ऐकली आणि म्हणाला, "मॅडम, कडक पुरावा आहे. विषयच नाही." मी म्हटलं, "माझी एक ओळखीची वकील म्हणते की हे बोलणं माझं नाही, त्या दोघांचं आहे." तो म्हणाला, "जुन्या विचारांच्या असतील." तू ऐकायला हवं होतंस. अर्ज तयार झाला. सहीसाठी सोमवारची वेळ ठरली.

सही करण्याआधी मला तिला पाहायचं होतं. जवळून. म्हणून परवा बुधवारी, श्रीनिवासचा दिवस नसताना, हडकोत गेले. मी नवी कोसा सिल्कची साडी नेसून गेले. कशासाठी ते विचारू नकोस.

दार तिनंच उघडलं. भिंगांतून बराच वेळ पाहिलं.

"म्याडम ना? या. लई उशीर केला."

"मला चहा नको," मी म्हटलं.

"मी कुठं ठेवलाय? बसा तर."

घरात दोन खुर्च्या. मी कुठल्या खुर्चीत बसले असेन तर त्याच्या, हे मला बसल्यावर लक्षात आलं. हाताच्या जागी रंग गेलेला होता. मी सरळ विचारलं, "तुमचं आणि यांचं काय आहे?"

"काय असणारै? गुडघे बघा माझे." ती हसली. "साहेब येत्यात, बोलत्यात, जात्यात. माझा दिवस जातो. ऑफिसात बी असंच होतं, म्या नकाशा उतरवायची, ते बोलायचे. ऐकणाऱ्याला हातात काम असलं का बोलणाऱ्याला बरं वाटतं."

"माझ्याजवळ का बोलत नाहीत?"

"त्ये त्यान्लाच विचारा. मला कशाला इचारता? तुमी तर ऐकलंय समदं."

तिला कसं कळलं? श्रीनिवासला पिशवीत चष्म्याचं घर सापडलं होतं म्हणे, रिकामं, त्या बुधवारी, जागच्या जागी नसलेलं. त्यावरून त्यानं ओळखलं; माणसानं चाळीस वर्षं मोजमापं घेतलेली आहेत.

"त्येंच्यासंगं माझं बी ऐकलं आसंल," लक्ष्मीबाई म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. "पोरीचं."

"कुठल्या पोरीचं?"

मी तिचं बोलणं ऐकलंच नव्हतं, हे तिला कळलं आणि मलाही.

अजरा, त्या एक तास बावन्न मिनिटांत ती जवळजवळ वीस मिनिटं बोलली आहे. तिच्या मुलीबद्दल. नवऱ्यानं काय केलं, ती घर सोडून कशी निघाली, आता कुठं आहे, कुणाला सांगायचं नाही. हे मला काल रात्रीच्या जेवणाआधी कळलं, मी परत पूर्ण ऐकलं तेव्हा. पहिल्या वेळी तिचा आवाज आला की मी बोटानं पुढं ढकलत होते. मला माझं नाव ऐकायचं होतं. तिच्या पोरीचा पत्ता शिवराजच्या टेबलावर दोन आठवडे पडून होता, कारण मला माझं नाव ऐकायचं होतं.

उठताना ती म्हणाली, "त्ये जे काय हाय ते आणून द्या मला. आन् साहेबांना म्हणावं, आता नका येऊ. तुमच्या घरातलं भांडण तुमच्या घरात ऱ्हाऊ द्या. माझी पोर जिती ऱ्हायली पायजे."

आज सकाळी मी शिवराजकडे जाऊन पेन ड्राइव्ह मागितला. "कॉपी केली का?" विचारलं. "नाही" म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरसमोर उभी राहिले आणि त्यातली कचऱ्याची टोपली रिकामी करून घेतली. अर्ज फाडून पिशवीत टाकला. तो म्हणाला, "मॅडम, केस सोडताय तुम्ही." मी म्हटलं, "हो, आणि तुम्हीही ही कहाणी बाहेर कुठं सोडू नका, नाहीतर मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे, इंग्रजीतही तक्रार लिहिते." तो हसला नाही. बरं झालं.

अजून तिला नेऊन दिलेला नाही. पाय उचलत नाही.

मीनू


मंगळवार, १४ ऑक्टोबर

अजरा,

तुझ्या पत्रात या वेळी कायद्याचं एक वाक्य नाही. तुझ्या गुडघ्यांबद्दल आहे, आणि तुझ्या कबुतरांबद्दल. मला कबुतरं आवडत नाहीत. तरी दोनदा वाचलं.

गेले दोन मंगळवार काय झालं ते सांगते.

पहिल्या मंगळवारी चार वाजता श्रीनिवासनं बूट घातले. मग दारातल्या स्टुलावर बसला. पंधरा मिनिटं. मग बूट काढले. लक्ष्मीबाईनं त्याला फोनवर सांगितलं असावं. मला जे हवं होतं ते झालं होतं, बरं का. नवरा मंगळवारी घरात. मी जिंकले. तो आतल्या खोलीत जाऊन कपाटातले जुने नकाशे उलगडून बसला आणि मला त्याचा श्वास सुद्धा ऐकू येईना.

दुसऱ्या मंगळवारी परत बूट. परत स्टूल. मी समोर पाट घेऊन बसले. खाली. एकोणसत्तराव्या वर्षी पाटावर बसणं म्हणजे उठायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

"अहो, तुम्ही मंगळवारी कुठं जात होता?"

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण मी विचारते आहे."

तो बुटाच्या नाडीकडे बघत होता. मला वाटलं, 'हं' म्हणेल आणि संपेल. मी मनात ठरवलं होतं, या वेळी खटका वर करायचा नाही, पण पुढं ढकलायला बोटही लावायचं नाही.

"लक्ष्मीकडे," तो म्हणाला.

"का?"

"तुझ्यापुढं बोललो की तू दुरुस्त करतेस."

हे खरं आहे. मी करते. वर्ष चुकलं, गावाचं नाव चुकलं, की करते. मी विचारलं, "नक्कल करून दाखवा." तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "दाखवा. मी ऐकलीय. पण समोर दाखवा." त्याचे कान लाल झाले. मग त्यानं करून दाखवली. अर्धीच. मला हसू आलं नाही. मला रडू आलं, आणि त्याला वाटलं नक्कल वाईट झाली, म्हणून त्यानं परत केली, जास्त चांगली.

मग तो बोलला. फार नाही. वैजापूरचं सांगितलं. मी १९८६ ला ८७ म्हणणार होते, जीभ चावली. बोलणं त्याला माझ्याजवळ अजून सरळ येत नाही; मधेच थांबतो आणि मी काय म्हणते याची वाट बघतो. तिच्याजवळ थांबत नव्हता. ते मला ऐकूनच माहीत आहे आणि ते मला आयुष्यभर माहीत राहणार. चोरून ऐकल्याची हीच शिक्षा असावी. कुठल्या कलमाखाली येते ते तूच सांग.

डबी मी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "रविवारी चार्ज करायची होती." आम्ही दोघांनी ती रद्दीच्या कपाटात टाकली. टॅबवरचं त्याचं व्हॉट्सॲप त्याच्यासमोर काढून टाकलं. कसं काढायचं ते त्याला शिकवलं. आता त्याचा पासवर्ड आहे आणि तो मला सांगत नाही. मला विचारावंसं वाटतं. दिवसातून तीनदा.

शनिवारी मी लक्ष्मीबाईकडे गेले. पेन ड्राइव्ह आणि रेकॉर्डर दोन्ही दिले. तिनं खलबत्त्यात घालून कुटले, माझ्यासमोर, शेंगदाणे कुटावेत तसे. मी म्हटलं, "पोरीचं मी कुणाला बोलणार नाही."

"तुमी बोलू नका. पण तुमाला माहीत हाय, त्येचं काय करू?"

याचं उत्तर तुझ्याजवळ आहे का? तू तिच्या जागी चव्वेचाळीस वर्षं आहेस.

मग मी ज्याच्यासाठी गेले होते ते बोलले. ही गोष्ट मी तुला सांगेन असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "यांना येऊ द्या."

ती म्हणाली, "तुमी सांगायला आलाय?"

"हो."

"मनापासनं?"

"नाही," मी म्हटलं. "मनापासून मला वाटतं, त्यांनी तुमचं तोंडही पाहू नये. तरी येऊ द्या. ते बूट घालून बसतात."

तिनं पुन्हा दोन घाव घातले. मग म्हणाली, "आले तर चहा देईन. बोलणं व्हईल का नाय, सांगता येत नाय. आता मला माझ्याच घरात हळू बोलावं वाटतंय."

हे मी केलं आहे. ते डबीसारखं काढून टाकता येत नाही.

आज मंगळवार. चार वाजता तो निघाला. मी दारात उभी होते. "लक्ष्मीकडे जातो," असं म्हणाला. बूट घातल्यावर, मोठ्यानं, शाळेत हजेरी द्यावी तसं. मी म्हटलं, "बरं." शब्द त्याचाच आहे, पण मी आता वापरते.

त्यानंतर दीड तास मी हे लिहिते आहे. मधे एकदा फोन हातात घेतला. ठिपका नाही. नकाशात आपलं सगळं शहर आहे, हिमायत बाग, पाणचक्की, हडको, आणि त्यात तो कुठंही असू शकतो. तिनं दार उघडलं असेल. नसेल उघडलं. खुर्चीत बसला असेल, हसत असेल, किंवा दोघं गप्प बसून चहा पीत असतील आणि ते माझ्यामुळे असेल. हेवा गेला असेल असं तुला वाटत असेल तर सांगते, तो आहे. आत्ता तर जास्तच आहे, कारण त्याला खायला काही नाही.

साडेपाच वाजले. मी फोन आत ठेवून आले.

तुझ्या पत्रात तू लिहिलंयस, "गयास गेला दोन वर्षांपूर्वी, हैदराबादला." एवढंच. पुढं कबुतरं. मुबश्शिराला फोन करून मला सगळं कळू शकतं: तुमची भेट होत होती का, तू गेली होतीस का, तुला कुणी कळवलं. तिला सगळं माहीत असतं. मी तिला फोन केलेला नाही.

तुला विचारते आहे. सांगायचं असेल तर सांग.

तुझी,
मीनू